पट्टा कधी बदलायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, असं विचारलं तर दोन ठिकाणांहून दोन उत्तरं येतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत एक आकडा छापलेला असतो. अमुक हजार किलोमीटर किंवा अमुक वर्षं, जे आधी होईल ते. गॅरेजमधला मिस्त्री त्याहून बराच कमी आकडा सांगतो. मालकाला वाटतं, मिस्त्री धंदा करतोय. मिस्त्रीला वाटतं, पुस्तिका लिहिणारा मे महिन्यात कधी नागपूरला आला नसावा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण हा आकडा मुळात आला कुठून, तो कोण ठरवतं आणि गेल्या साठ वर्षांत तो कसकसा बदलला, हे सहसा कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

आधी या पट्ट्याचं काम काय ते पाहू. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याला पिस्टन जोडलेले असतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा पुरा व्हायला हवा. हमरस्त्यावर क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आता पुष्कळ इंजिनांत अशी रचना असते की पिस्टन जिथवर वर येतो, तिथेच उघडलेला व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो. पूर्वी गिरणगावात एकाच खोलीत दिवसपाळीचा आणि रातपाळीचा कामगार एकच पथारी वापरत, तसा हा प्रकार. दोघांची गाठ पडत नाही, कारण पाळ्या ठरलेल्या आहेत. या पाळ्या सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगामुळे आणखी फिरत राहतो, आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो, कधी पूर्ण हेड निकामी होतं. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा पट्टा घातला की पुन्हा चालू होते. आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हे ज्याला ठाऊक नाही त्याने पहिलीच धरून चालावं.

या दात असलेल्या पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झाला नाही. तो झाला शिवणयंत्रासाठी. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी सिंगरच्या शिवणयंत्रासाठी तो तयार केला. ज्यांच्या घरी मशीन होतं त्यांना सांगायला नको, वरची सुई आणि खालची बॉबीन यांची वेळ चुकली की टाका सुटतो. साधा सपाट पट्टा घसरतो, गोल वादी सैल पडते. दातांचा पट्टा घसरत नाही, आवाज करत नाही आणि त्याला तेलही लागत नाही. बॉबीनचं तेल कापडावर उडू नये ही शिवणारीची चिंता मोटारीच्या इंजिनापर्यंत जाऊन पोचली, असं म्हटलं तरी चालेल.

मोटारीत हा पट्टा आधी शर्यतवाल्यांनी घातला. अमेरिकेतले बिल डेव्हिन यांनी १९५०च्या दशकात एका लहान फ्रेंच इंजिनाचा कॅम वरच्या बाजूला नेला आणि तो फिरवायला गिल्मरचा पट्टा वापरला. पण शर्यतीची गाडी रोज रात्री उघडून बघतात. तिच्यात पट्टा कधी बदलायचा हा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न आला जर्मनीत, बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग या गावी. तिथे हान्स ग्लास यांचा कारखाना होता. मूळचा धंदा शेतीच्या यंत्रांचा, पेरणीयंत्रांचा. मग स्कूटर, मग गोगोमोबिल नावाची चिमुकली मोटार. १९६२मध्ये या कारखान्याने ग्लास १००४ ही गाडी बाजारात आणली. दातांच्या रबरी पट्ट्यावर कॅम फिरवणारी, सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकली जाणारी ही जगातली पहिली मोटार. मोठ्या कंपन्यांना जे धाडस झालं नाही ते एका पेरणीयंत्रवाल्याने केलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. १९६६मध्ये बीएमडब्ल्यूने ग्लास कंपनी विकत घेतली. पण बीएमडब्ल्यूने स्वतःच्या इंजिनात पट्टा घालायला १९७७ साल उजाडावं लागलं.

१९६६ हे वर्ष या कथेत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी अमेरिकेत पाँटियाकने सहा सिलिंडरच्या इंजिनात काचतंतूंनी बळकट केलेला पट्टा आणला, आणि इटलीत फियाटने आउरेलिओ लाम्प्रेदी यांचं दोन कॅमशाफ्टचं इंजिन आणलं. लाम्प्रेदी आधी फेरारीकडे होते. त्यांच्या पट्ट्यामुळे दोन कॅमचं इंजिन, जे तोवर श्रीमंतांच्या गाडीत असायचं, मध्यमवर्गीयाच्या फियाटमध्ये आलं. साखळीपेक्षा पट्टा हलका, स्वस्त आणि शांत. साखळीला तेलात ठेवावं लागतं, म्हणून तिच्याभोवती तेल न गळणारं आवरण लागतं. पट्ट्याला प्लॅस्टिकचं झाकण पुरतं. १९७०च्या दशकात फोर्ड, फोक्सवॅगन अशा मोठ्या कारखान्यांनी तो उचलला तो याच हिशेबाने. १९७६मध्ये गोल्फ गाडीत डिझेल इंजिन आलं तेही पट्ट्यावर. आणि डिझेल म्हटलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा नावालाच. तिथे पट्टा तुटणं म्हणजे इंजिनच बसणं.

म्हणजे स्वस्ताई कारखान्याच्या दारात झाली आणि जोखीम मालकाच्या दारात येऊन बसली. पट्टा कधी बदलायचा हा आकडा या दोन दारांमधला करार आहे, असं माझं मत आहे. करार म्हटला की कोणाच्या बाजूने झुकतो हे पाहायला हवं.

पट्टा साखळीसारखा झिजत नाही, ही खरी अडचण आहे. साखळी जुनी झाली की सैल पडते, इंजिनातून खडखडाट येतो, मालकाला आठवडेच्या आठवडे सूचना मिळते. पट्टा मुकाट असतो. जुने पट्टे निओप्रीनचे असत. उष्णतेने ते कडक होत आणि पाठीवर बारीक भेगा पडत; त्यामुळे झाकण काढून, पट्टा बोटांनी पिळून मिस्त्रीला काही अंदाज करता येई. १९८०च्या दशकात एचएनबीआर नावाचं, उष्णता आणि तेल जास्त सोसणारं रबर आलं. दातांचा आकारही आधीच चौकटीऐवजी गोलसर झाला होता, त्यामुळे दाताच्या मुळाशी पडणारा ताण वाटला जाऊ लागला. पट्टे खरोखरच जास्त टिकू लागले आणि पुस्तिकेतले आकडे वाढत गेले. पण हा नवा पट्टा म्हातारा झाला तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. भेगा नसलेला, काळाभोर, बघायला अगदी ठीक वाटणारा पट्टा आतल्या काचतंतूंनी थकलेला असू शकतो. ‘उघडून बघू आणि मग ठरवू’ हा जुना मार्ग नव्या रबराने जवळजवळ बंद केला. उरला तो आकडा.

हा आकडा काढतात कसा? स्वीडनचे वालोदी वायबुल यांनी १९५१मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वस्तू कधी मोडतात याचं गणित त्यात होतं. त्यातला मुद्दा असा की, एकाच साच्यातून निघालेल्या शंभर वस्तू एकाच दिवशी मरत नाहीत. काही लवकर जातात, बऱ्याचशा मध्ये जातात, काही चिवटपणे टिकतात. म्हणून बेअरिंगवाले ‘आयुष्य’ म्हणतात तेव्हा सरासरी सांगत नाहीत. शंभरांतले दहा ज्या मुक्कामाला निकामी झालेले असतील तो मुक्काम सांगतात. पट्ट्याच्या बाबतीत दहा फार झाले, तिथे त्याहून कितीतरी कमी धरावे लागतात. तेव्हा पुस्तिकेत अमुक किलोमीटर लिहिलं असेल तर पट्टा त्या दगडाशी पोचून तुटतो असं नाही. बहुतेक पट्टे त्याच्या पलीकडे जाऊ शकतात. पण आपला पट्टा बहुतेकांतला की थोड्यांतला, हे तुटेपर्यंत कळत नाही.

१९६०मध्ये बार्लो आणि हंटर या दोन अमेरिकन गणितज्ञांनी पुढची पायरी मांडली. वेळेआधी वस्तू बदलण्याचा खर्च आणि मोडल्यावर येणारा खर्च, या दोघांचं प्रमाण माहीत असेल तर बदलण्याची सर्वांत स्वस्त वेळ काढता येते. समजा, पट्टा ठरवून बदलायला एक रुपया लागतो आणि तुटल्यावर दहा रुपये. तर तुम्ही लवकर बदलाल. तुटल्यावर दोनच रुपये लागणार असतील तर थोडी कळ काढाल. गणित सरळ आहे. प्रश्न असा की हे दहा रुपये कोणाच्या खिशातले? हमीच्या मुदतीत इंजिन गेलं तर कारखान्याच्या. ती संपल्यावर गेलं तर मालकाच्या, आणि तोवर बहुधा मालकही बदललेला असतो. उलट आकडा लांबवला तर फायदा लगेच दिसतो. युरोपात कार्यालयांसाठी ठोक गाड्या घेणारे लोक देखभालीचा खर्च आधी जोडून बघतात. पट्टा लवकर बदलावा लागणारी गाडी त्यांच्या यादीत खाली जाते. मी कुणाच्या मनात शिरलेलो नाही. पण या हिशेबात सेकंडहँड गाडी घेणाऱ्याची बाजू मांडायला कुणी बसलेलं नव्हतं, एवढं खरं.

याचं एक ठळक उदाहरण अल्फा रोमिओचं आहे. १९९०च्या दशकातल्या त्यांच्या ट्विन स्पार्क इंजिनासाठी ब्रिटनमध्ये सुरुवातीला ७२,००० मैलांचा आकडा दिलेला होता. पट्टे त्याआधीच तुटू लागले, आणि आकडा अर्ध्यावर, ३६,००० मैलांवर आणावा लागला. रबर तेच आणि इंजिनही तेच. दरम्यान ज्यांनी पुस्तिका प्रमाण मानली, त्यांच्या हाती वाकलेले व्हॉल्व्ह आले. छापलेला आकडा हा अंदाज असतो आणि तो रस्त्यावर तपासला जातो, हे मालकांना त्या वेळी कळलं.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. होंडाच्या २०००च्या दशकातल्या सहा सिलिंडरच्या गाड्यांच्या अमेरिकन पुस्तिकांत पट्ट्यासाठी १,०५,००० मैल किंवा ७ वर्षं असा आकडा होता. पण खाली एक ओळ होती: गाडी नेहमी ११० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या वर चालत असेल, तर ६०,००० मैलांनाच बदला. अतिथंड प्रदेशासाठीही तसंच. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ॲरिझोनाचं वाळवंट असावं. पण ४३ अंश म्हणजे चंद्रपूर, नागपूर, अकोला इथला मे महिन्यातला नेहमीचा दिवस. ती ओळ होंडाच्या त्या इंजिनांपुरती होती हे खरं. पण उष्णतेचा रबरावर होणारा परिणाम कंपनी बघून होत नाही. मिस्त्रीचा आकडा कमी का असतो, याचं एक सभ्य उत्तर इथे मिळतं.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. अँबेसेडर आणि कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, दोन्हींच्या इंजिनांत साखळी होती. त्यामुळे दोन पिढ्यांचे मिस्त्री आवाज ऐकून निदान करायला शिकले, आणि ते त्यात फार तयार होते. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती पट्टा घेऊन. १९९८ची टाटांची इंडिका डिझेल, पुण्यात बनलेली, तीही पट्ट्याची. २००७मध्ये नाशिकला बनू लागलेल्या लोगनचं डिझेल इंजिनही पट्ट्याचं. साखळीवर घडलेल्या कानांना या गाड्या काहीच सांगत नव्हत्या. आणि आपल्या लोकांची गाडीचं वय किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय जुनी. ‘गाडी फक्त तीस हजार चालली आहे’ हे वाक्य आपण जाहिरातीत अभिमानाने छापतो.

इथे ‘किंवा अमुक वर्षं’ या शब्दांकडे वळायला हवं, कारण ते हमखास वाचायचे राहतात. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी अकरा वर्षांची होती आणि चालली होती बत्तीस हजार. पट्ट्याचं विचारलं की गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं जाई, अजून निम्मे किलोमीटरही झाले नाहीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भाजी आणायला निघाले असताना, फाटकाच्या बाहेर पट्टा तुटला. आठ व्हॉल्व्ह वाकले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला आणि त्यांनी ती भंगारात दिली. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शिवाय कमी चालणाऱ्या गाडीचं इंजिन वारंवार थंड अवस्थेतून सुरू होतं, आणि शहरातल्या कोंडीत ते चालू राहतं पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत. चाकांनी मोजलेलं अंतर आणि पट्ट्याने घेतलेले फेरे यांचं नातं मुंबईच्या रस्त्यावर फारच ढिलं असतं.

कोणी म्हणेल, वस्तू ठीक चालली असताना वयावरून बदलणं हीच मुळात जुनाट पद्धत नाही का? हा आक्षेप वजनदार आहे. १९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही उपयोग होत नाही. उलट उगाच उघडाउघडीने नवे दोष शिरतात. विमानांच्या देखभालीचा विचारच त्या अहवालाने बदलला. पण उरलेले ११ टक्के? ज्या वस्तूंचं मरण एकाच ठरलेल्या वाटेने, वापराने आणि थकव्याने येतं, त्यांना वयाची मर्यादा उपयोगी पडते, हेही त्यातूनच निघतं. टायमिंग बेल्ट त्या थोड्यांपैकी आहे. त्याला हा आक्षेप लागू होत नाही. वॉटर पंपाला एरवी लागू झाला असता. पण तो पट्ट्याच्याच मार्गात बसवलेला असतो, म्हणून त्याचंही वय पट्ट्याबरोबर मोजावं लागतं.

या इतिहासाचं ताजं प्रकरण विचित्र आहे. २०१२च्या सुमारास फोर्डने एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनात आणि प्यूजो-सिट्रोएनने प्यूअरटेक इंजिनात पट्टा थेट तेलात बुडवला. घर्षण कमी, इंधनाची बचत, आवाज नाही. ज्या पट्ट्याचा मोठा गुण ‘तेल लागत नाही’ हा होता, त्यालाच तेलात ठेवलं! आकडेही दणदणीत: फोर्डने ब्रिटनमध्ये १० वर्षं किंवा १,५०,००० मैल सांगितले. म्हणजे जवळपास गाडीचं आयुष्य. हे इकोबूस्ट इंजिन २०१३मध्ये इकोस्पोर्टमधून भारतातही आलं. फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं. प्यूअरटेकमध्ये असं निघालं की न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळतं, त्याने पट्ट्याचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि तेलाची जाळी तुंबते. मग पट्टा तुटायच्या आधीच इंजिन तेलावाचून मरू शकतं. बदलण्याचा आकडा खाली आणावा लागला. २०२४मध्ये, तोवर स्टेलांटिस झालेल्या त्या कंपनीने या इंजिनांची हमी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली, आणि इंजिनाच्या नव्या आवृत्तीत पट्टा काढून साखळी घातली. फोर्डनेही तोवर मुख्य काम साखळीकडे सोपवलं होतं.

दहा रुपये कोणाच्या खिशातले, या प्रश्नाचं उत्तर या वेळी थोडं बदललं, हे मला महत्त्वाचं वाटतं. हमी वाढली म्हणजे चुकलेल्या अंदाजाचा खर्च काही अंशी अंदाज करणाऱ्याकडे गेला. आणखी एक गोष्ट परत आली. या इंजिनांसाठी एक लहान मापपट्टी काढली गेली. तेल भरायच्या तोंडातून ती आत घालायची आणि पट्ट्याची रुंदी मोजायची. फुगून मापात बसेनासा झाला तर बदलायचा. चाळीस वर्षांनी पुन्हा ‘उघडून बघू आणि ठरवू’ शक्य झालं, निदान एका जातीच्या पट्ट्यापुरतं.

आपल्याकडे पट्ट्याच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्या आता बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. अशी गाडी घेताना पट्टा बदलल्याचं बिल मागावं. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत. बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरावं आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. बदलताना टेन्शनर, आयडलर आणि पट्ट्यावर चालत असेल तर वॉटर पंपही त्याच वेळी बदलावा, कारण मजुरी पट्ट्यापर्यंत पोचण्याचीच असते. युरोपातल्या गॅरेजांत काम झालं की बॉनेटच्या आत तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात. तशी चिठ्ठी आपल्या मिस्त्रीकडूनही लावून घेता येते.